कपाटातली पेटी बाहेर काढा : ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे आणि विरंगुळा केंद्रांचे अध्यक्ष, कार्यवाह व कोषाध्यक्ष यांस,

सप्रेम नमस्कार.

बहुतेक संघांच्या कार्यालयात एक पेटी, म्हणजे हार्मोनियम, असते. कुणाच्या तरी स्मरणार्थ दिलेली, झाकणावर नाव रंगवलेली, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेली. वर्धापनदिनाला ती बाहेर येते, स्वागतगीत होते, पुन्हा आत जाते. याच संघांच्या वार्षिक अहवालात 'संगीत उपक्रम' या शीर्षकाखाली जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद, कोजागरीची मैफल आणि महिन्यातून एकदा कराओके एवढे असतेच. त्यातला आनंद खरा आहे. पण सभासदांच्या मेंदूसाठी काही करायचे असेल, तर ऐकवणे पुरत नाही, शिकवावे लागते. आणि दहा दिवसांच्या शिबिरात नव्हे, वर्षभर. या पत्रातली मागणी एवढीच आहे : साठीनंतर पहिल्यांदाच वाद्याला हात लावणाऱ्यांसाठी आठवड्यातून एक तास चालणारा, बारा महिन्यांचा वर्ग सुरू करा. तो कसा चालवायचा आणि कुठे फसतो, ते पुढे लिहीत आहोत. लिहिणारे आम्ही संगीत शिकवणारे, श्रवणाचे काम करणारे आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबरोबर काम करणारे आहोत.

आधी विज्ञानाचे, कारण वर्गाच्या फलकावर काय लिहायचे यावरूनच पहिला घोटाळा होतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा अनेक वर्षे मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाचन, पटावरचे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी दिसले. स्वीडनमधल्या जुळ्या भावंडांच्या २०१४ च्या अभ्यासातही वाद्य वाजवणाऱ्या भावंडाची बाजू उजवी ठरली. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. वाजवल्यामुळे मेंदू टिकला, की मेंदू शाबूत होता म्हणून वाजवणे टिकले, हे त्यावरून पक्के सांगता येत नाही. म्हणून जास्त वजन द्यायचे ते शिकवून पाहिलेल्या प्रयोगांना. जिनिव्हा आणि हॅनोव्हर इथे ६२ ते ७८ वयाच्या, पूर्वी संगीत जवळजवळ न शिकलेल्या निवृत्तांचे दोन गट केले. एका गटाला पियानो शिकवला. दुसऱ्याला जाणतेपणे ऐकायला शिकवले, म्हणजे वाद्ये ओळखणे, रचनेची बांधणी समजून घेणे वगैरे. दोन्ही गटांना आठवड्याला एक तास वर्ग आणि घरी रोज अर्धा तास अभ्यास. सहा महिन्यांनी १३२ जणांच्या तपासण्यांत दोन्ही गटांची कार्यकारी स्मृती (काम करताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता) सुधारलेली दिसली. उजव्या मेंदूतला आवाज टिपणारा प्राथमिक भाग मात्र पियानोवाल्यांचा टिकून राहिला आणि ऐकणाऱ्यांचा थोडा घटला. त्याच अहवालात हेही आहे की वयानुसार एकूण मेंदू आकसण्याची क्रिया कोणाचीच थांबली नव्हती.

म्हणून फलकावर 'संगीत शिका, स्मृतिभ्रंश टाळा' असे लिहू नका. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे, नैराश्य, एकटेपणा आहेत; 'संगीत न शिकणे' नाही. पेटीच्या वर्गाने रक्तदाबाची गोळी सुटत नाही. वर्गाचा एकटेपणावर थेट उपाय होतो, आणि ऐकू येण्याची तक्रार तिथे लवकर उघडी पडते. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा राष्ट्रीय पाहणीवरून २०२३ मध्ये काढलेला अंदाज आहे. दोनशे सभासदांच्या संघाने आपला हिशेब स्वतः करावा.

आता कराओके. पडद्यावर शब्द येतात, सुरावट कानात चाळीस वर्षे मुरलेली असते, ताल यंत्र धरते. गाणाऱ्याने आठवायचे काय? जे काम मेंदूने करायचे ते सगळे पडदा करतो. बंद करा असे नाही, एक बदल करून बघा : पहिले कडवे पडद्यावर, दुसरे कडवे पडदा झाकून. पहिल्या महिन्यात आरडाओरडा होईल.

वाद्य कोणते? आमचे मत पेटीच्या बाजूने आहे, आणि ते संघाकडे ती फुकटात पडून आहे म्हणून नव्हे. पेटी दरवेळी सुरात लावावी लागत नाही, पट्टी दाबली की सूर मिळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी काहीतरी कानाला बरे वाजते. एक हात भाता मारतो, दुसरा सुरावट वाजवतो, म्हणजे दोन हातांना दोन वेगळ्या कामांत जुळवून घ्यावे लागते. आणि भजनाला, आरतीला, नातवंडांच्या बारशाला ती उपयोगी पडते, त्यामुळे घरी सरावाला निमित्त राहते. तबला सुंदर, पण तो सुरात राहायला हातोडी चालवणारा माणूस लागतो, आणि जमिनीवर मांडी घालणे गुडघ्यांना झेपत नाही. बासरीवर सूर निघायलाच नवख्याला कित्येक दिवस जातात. सनईसारख्या जोर लावून फुंकायच्या वाद्यांत डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

कपाटातली पेटी वर्गात आणण्यापूर्वी तपासा. पट्टी न दाबता सूर लावणारे सोडून बाकी सगळे स्टॉप (समोरच्या ओढायच्या खुंट्या) उघडून भाता भरा, एकच पट्टी दाबा आणि भाता न मारता सूर किती सेकंद टिकतो ते मोजा. शेजारच्या चांगल्या पेटीवर हेच करून तुलना करा. निम्म्याहून कमी टिकला तर भात्याच्या घड्यांतून किंवा आतल्या चामड्यातून वारा गळतो आहे. अशा पेटीवर म्हाताऱ्या खांद्याला दुप्पट भाता मारावा लागतो, तिसऱ्या आठवड्यात दंड भरून येतो आणि माणूस म्हणतो, मला जमत नाही. मग फोनवर सूर मोजणारे कुठलेही ॲप उघडून मधल्या सप्तकातली पांढरी ६ दाबा (दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी ती पांढरी १, तिथून उजवीकडे सहावी). ४४० हर्ट्झ किंवा त्याच्या निम्मे, २२०, याच्या जवळ आकडा यायला हवा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या वर किंवा खाली असतात. एकटीच वाजणार असेल तर बिघडत नाही, पण दुसरी पेटी, कीबोर्ड किंवा तानपुऱ्याचे ॲप शेजारी आले की दोन सूर एकमेकांवर घासतात. शिकणारा समजतो आपलीच चूक होते आहे.

एखादा सूर पट्टी न दाबता वाजत राहत असेल तर त्या पट्टीखालची चामड्याची गादी नीट बसत नाही, नाहीतर खालची तार सरकलेली असते. सूर मुकाच असेल तर पितळी रीडच्या (वाऱ्याने थरथरून सूर देणाऱ्या पात्याच्या) फटीत कचरा अडकलेला असतो. ही दोन्ही कामे कारागिराची आहेत. हौशी सभासदाने सुई घालून रीड खरवडला की सूर कायमचा चढतो किंवा उतरतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या एकमेकींना घासतात. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा. कपाटातल्या पेटीचा सर्वांत मोठा शत्रू उंदीर. चामडे आणि बनात (आतले जाड लोकरी कापड) त्याला फार आवडते.

नवीन घ्यायची असेल तर दोन रीडची (प्रत्येक पट्टीला दोन रीड असलेली), स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलण्याची सोय) नसलेली साधी पेटी घ्या. दुकानदार स्केल चेंजर गळ्यात मारायला बघेल. ती जड असते, ती उचलून आणायला दरवेळी दोन माणसे शोधावी लागतात, आणि सरकत्या भागांत बिघाड लवकर शिरतो. त्याहून मोठे कारण पुढे येईलच.

बसण्याची व्यवस्था हा विषय शिक्षक सोडून देतात आणि तिथेच वर्ग गळतो. खुर्चीत बसल्यावर पट्ट्या कोपराच्या उंचीला किंवा बोटभर खाली हव्यात. जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवली की पट्ट्या छातीपर्यंत येतात, खांदे उचलले जातात, पंधरा मिनिटांत मान आखडते. नेहमीच्या खुर्चीपुढे साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचा भक्कम टीपॉय, पाय त्याच्या दोन बाजूंना, पाठीमागे उशी. टीपॉय डुगडुगत असेल तर भाता मारताना पेटी सरकते; खाली रबरी चटई घाला. खुर्ची बिनहाताची हवी, नाहीतर कोपर अडते. खांदा आखडलेल्या किंवा पक्षाघातातून उठलेल्या सभासदासाठी जोडी लावा : एकाने भाता मारायचा, दुसऱ्याने वाजवायचे. भाता मारणाराही काही कमी शिकत नाही. सूर तुटू न देता वारा पुरवायचा तर त्याला पुढची ओळ आधी माहीत असावी लागते.

वर्ग सकाळी सातला ठेवू नका. संधिवाताची बोटे उठल्यावर तासभर ताठ असतात. दहा-साडेदहाची वेळ बरी. थंडीत हात कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे धरून मग बसावे.

गट सहा ते आठ जणांचा, पेट्या किमान तीन. तीस जणांना समोर बसवून एकाने शिकवणे म्हणजे पुन्हा ऐकणेच झाले. तासाची वाटणी साधारण अशी ठेवा : दहा मिनिटे आवाज मोकळा करणे आणि हाताने ताल, पंचवीस मिनिटे वाद्य, पाच मिनिटे पाणी आणि गप्पा, पंधरा मिनिटे गाणे, शेवटची पाच मिनिटे घरचा अभ्यास प्रत्येकाच्या वहीत लिहून देणे. तोंडी सांगितलेला अभ्यास घरी पोचत नाही.

पहिल्या दिवशी काय वाजवायचे, याला आमच्याकडे एक पक्के उत्तर आहे : भूप राग. पाच स्वर, म आणि नी वर्ज्य. पांढरी १ ला सा धरला तर पांढऱ्या १, २, ३, ५, ६. पण ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना काळी ३ पासून (तीन काळ्यांच्या गटातली पहिली) बसवा. तिथून ओळीने येणाऱ्या पाचही काळ्या पट्ट्या म्हणजेच भूपाचे सा, रे, ग, प, ध. काळ्या पट्ट्या उंच असतात, बोटाला नुसत्या स्पर्शाने कळतात, आणि पांढरीवर बोट घसरले नाही तर चुकीचा स्वर लागूच शकत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबलेल्या माणसाला दहा मिनिटांत सारेगपधसां, सांधपगरेसा वाजवता येते. त्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

दोन आठवड्यांनी पांढरी १ वर शुद्ध स्वरांचे अलंकार. सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां. मग उलटे उतरणे. बोटे अशी : अंगठा सा वर, तर्जनी रे, मधले ग, आणि अंगठा खालून सरकवून म वर. हा अंगठा सरकवण्याचा क्षण वयस्क हाताला सर्वांत जड जातो. मनगट बाहेर वळते आणि लय तुटते. तेवढाच तुकडा, ग आणि म, वीस वेळा सुटा करून घ्यावा. सगळा अलंकार पुन्हा पुन्हा वाजवून चूकच पक्की होते. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर अंगठा न वापरता तीन बोटांनी वाजवू द्या. शास्त्र थोडे बाजूला राहिले तरी चालते.

लय फार संथ ठेवू नका. शिक्षकांना वाटते म्हातारी माणसे, हळू घ्यावे, म्हणून ते मिनिटाला चाळीस मात्रांवर सुरू करतात. पण दोन मात्रांमधली मोकळी जागा मनातल्या मनात मोजावी लागते, ते नवख्याला उलट अवघड जाते. सत्तर ते ऐंशी मात्रा ठेवा आणि स्वर कमी द्या. प्रश्न विचारल्यावर थांबा. वय वाढले की उत्तर येते, उशिरा येते. शिक्षकाने दोन सेकंदांत स्वतःच स्वर गाऊन दाखवला की शिकणाऱ्याच्या मेंदूचे काम शिक्षकाने केले.

हाताने ताल धरण्याचा व्यायाम कुठल्याही वाद्याशिवाय होतो आणि आमच्या मते सगळ्या तासातला तोच सर्वांत कसदार भाग आहे. आधी दादरा, सहा मात्रा : धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला टाळी, चौथीला खाली, म्हणजे हात उलटा करून बाजूला. बोल तोंडाने, मात्रा हाताने. हे जमले की त्रिताल, सोळा मात्रा : टाळी १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. त्यानंतर खरी गंमत : हात त्याच लयीत ठेवायचा आणि बोल दुप्पट गतीने म्हणायचे. दुगुन सुरू झाली की हात बोलांच्या मागे धावू लागतो. त्याला धावू न देणे, एक काम चालू असताना दुसऱ्याच्या ओढीला न बळी पडणे, यालाच मेंदूचे डॉक्टर निग्रह म्हणतात आणि त्यासाठी त्यांच्याकडे वेगळ्या चाचण्या असतात. मग रूपक घ्या, सात मात्रा, तिथे सम, म्हणजे पहिली मात्रा, टाळीवर नसून खालीवर येते. ज्यांना त्रिताल सवयीचा झाला ते सगळे पहिल्या आवर्तनात चुकतात. चुकू द्या. आपोआप जमणाऱ्या गोष्टीत मेंदूला कसरत नसते.

गाताना पट्टीची, म्हणजे सा कोणत्या उंचीला धरायचा त्याची, काळजी घ्या. पाळी गेल्यानंतर पुढच्या वर्षांत बायकांचा आवाज खाली येतो. पुरुषांचा म्हातारपणी उलट थोडा वर सरकतो. तरुणपणी काळी ४ मध्ये गाणाऱ्या बाईंना आता पांढरी ४ बरी पडते, पण त्या सवयीने जुनीच पट्टी मागतात, वरच्या सा ला आवाज फाटतो आणि 'माझा आवाज गेला' म्हणून बोलणे खुंटते. आवाज गेलेला नसतो, पट्टी चुकलेली असते. स्त्री-पुरुषांनी एकत्र गायचे तर सा ते ध एवढ्याच पल्ल्यात फिरणाऱ्या चाली निवडा. आरत्या, ओव्या, हरिपाठाच्या चाली बऱ्याचशा अशा असतात. मग काळी ५ धरली की पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, आणि कुणाचीच ओढाताण नाही. दमा, हर्निया किंवा न आवरणारा रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून लांब सूर लावण्याच्या पैजा लावू नयेत. कवळी सैल असेल तर शब्द अडखळतात. ती आधी दंतवैद्याकडून घट्ट करून घ्यावी.

आता स्केल चेंजरचे राहिलेले कारण. सहा महिन्यांनी, भूप पांढरी १ वर हातात बसला की तोच काळी ५ वर वाजवायला सांगा. सा काळी ५, रे पांढरी १, ग पांढरी २, प पांढरी ४, ध पांढरी ५. सुरावट तीच, बोटे वेगळी. कान सांगतो ते हाताने नव्याने शोधायचे. स्केल चेंजर हेच काम खटका दाबून करून टाकतो. नवशिक्या ज्येष्ठाच्या वर्गात ही सोय म्हणजे चालण्याच्या व्यायामाला रिक्षा करून जाणे.

स्वरलिपीच्या कागदांबद्दल. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, तार सप्तकाला डोक्यावर टिंब, मंद्राला पायाशी टिंब. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की टिंबे उडतात किंवा धुळीचे ठिपके टिंबे होतात, आणि एक बाई वरचा सा वाजवत असते तेव्हा शेजारची खालचा. मूळ प्रत टाइप करून ठेवा, अक्षर किमान २० पॉइंट, काळी शाई, न चकाकणारा कागद, एका पानावर चारच ओळी. आणि कागद आधी देऊ नका. आधी गाऊन, मग वाजवून, मग कागद. उलट केले तर माणूस कागद वाचतो, ऐकत नाही.

श्रवणयंत्राची बाब कार्यकारिणीला क्षुल्लक वाटेल, ती तशी नाही. ही यंत्रे बोलणे स्पष्ट यावे म्हणून जुळवलेली असतात. लांबलेला स्थिर सूर आला की काही यंत्रांना ती स्वतःची शिट्टी वाटते आणि ती दाबायला जातात. पेटीचा सूर कानात लहरतो, थरथरतो, कधी बेसूर भासतो. श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्राम घालून घ्यावा, त्यात गोंगाट कमी करणारी आणि शिट्टी दाबणारी सोय बंद किंवा मंद ठेवायला सांगावे. वर्गात मात्र ध्वनिक्षेपक नको. फरशीच्या, उघड्या भिंतींच्या सभागृहात तीन पेट्यांचा आवाज घुमतो, कमी ऐकू येणाऱ्याला त्या गदारोळात काहीच वेगळे काढता येत नाही. खाली सतरंजी, खिडक्यांना जाड पडदे, एवढ्याने फरक पडतो.

घरचा सराव हा वर्गाचा कणा आहे आणि तोच सर्वांत दुबळा असतो, कारण घरी वाद्य नसते. कागदावर पट्ट्या काढून बोटे फिरवणे निरुपयोगी. सूर ऐकू आला नाही तर चूक कळत नाही, आणि चूक कळून सुधारणे हेच तर शिकणे. म्हणून संघाने वाचनालयासारखी वाद्यांची देवघेव सुरू करावी. दोन पेट्या, दोन लहान कीबोर्ड, आठवड्याच्या बोलीवर, अनामत ठेवून. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची कुरकुर असेल तर कीबोर्ड आणि हेडफोन. त्याच्या पट्ट्या हलक्या, दुखऱ्या बोटांना सोप्या. दिवसाला वीस ते तीस मिनिटे, दोन हप्त्यांत, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी एकदम अडीच तास बसणाऱ्याला सोमवारी मनगट धरते आणि बुधवारी काही आठवत नाही.

क्योतोच्या संशोधकांनी सरासरी सत्तरी ओलांडलेल्या नवशिक्यांना चार महिने वाद्य शिकवले आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. वाजवत राहिलेल्यांची शाब्दिक कार्यकारी स्मृती टिकली होती, सोडून दिलेल्यांची घसरली होती. संख्या लहान होती, तरी शिबिरांना आमचा विरोध का, ते त्यावरून लक्षात येईल. दहा दिवस शिकवून प्रमाणपत्र वाटले की फोटो चांगला येतो.

माणसे गळतात ती तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, आणि कारणे ठरलेली आहेत. तरुणपणी दोन-चार परीक्षा दिलेले सभासद पहिल्या रांगेत बसतात आणि नवख्यांच्या आधी उत्तर देतात. त्यांना त्याच गटात विद्यार्थी म्हणून घेऊ नका, शिक्षकाचे मदतनीस करा. शिक्षक लहान मुलांच्या प्रारंभिक आणि प्रवेशिका या संगीत परीक्षांचा अभ्यासक्रम जसाच्या तसा लावतात. ज्याला परीक्षा द्यायची त्याने जरूर द्यावी, बाकीच्यांवर ती लादू नये. आणि तिसरे कारण तुम्ही स्वतः आहात. 'वर्धापनदिनाला तुमच्या वर्गाचा कार्यक्रम ठेवलाय' असे दुसऱ्याच महिन्यात जाहीर केले की निम्मे लोक लाजेने येणे बंद करतात. वर्षभर कार्यक्रम नको. शिक्षकाला मानधन द्या, पाकिटात घालून 'प्रेमाने' नव्हे, ठरवून आणि दरमहा. फुकट शिकवणारा माणूस चौथ्या महिन्यात दांड्या मारू लागतो आणि त्याला कुणी काही बोलू शकत नाही.

ज्यांना स्मृतिभ्रंश झालेला आहे त्यांचा गट वेगळा ठेवा. तिथे नवे वाद्य, अलंकार, दुगुन यांतले काही नाही. त्यांच्या विशी-तिशीपर्यंतच्या काळातली ओळखीची गाणी, सांभाळणारा माणूस शेजारी बसून बरोबर गाणारा, वेळ अर्धा-पाऊण तास आणि तोही सकाळी, कारण संध्याकाळी गोंधळ वाढतो. हातात टाळ किंवा खुळखुळा द्यावा; भजनातला जड टाळ नको, लहान हलका. 'ओळखा पाहू कुणी गायलंय' हा खेळ चुकूनही खेळू नये. नाव आठवत नाही हे चारचौघांत दाखवून देणे एवढेच त्यातून होते.

एक सूचना शिक्षकांसाठी लिहून भिंतीवर लावा. मागच्या महिन्यात सहज वाजवणारा सभासद अचानक तेच वाजवू शकत नसेल, वर्गाची वेळ पुन्हा पुन्हा विसरत असेल, वही हरवत असेल, तर चारचौघांत बोलू नका, घरच्यांना सांगा. डॉक्टरांनी बी-१२, थायरॉइड, कानातला मळ आणि चालू गोळ्यांची यादी पाहिली तर काही वेळा कारण साधे निघते आणि माणूस पूर्ववत होतो. संघाने स्वतः स्मरणशक्तीच्या चाचण्या घेत बसू नये. हजेरी आणि सरावाच्या मिनिटांची नोंद ठेवा.

खर्चाचे म्हणाल तर कपाटातल्या पेटीची दुरुस्ती, दोन साध्या पेट्या, दोन लहान कीबोर्ड, टीपॉय आणि शिक्षकाचे मानधन एवढ्या बाबी आहेत. कोषाध्यक्षांनी मागच्या वर्षीच्या वाद्यवृंदाचे, मंडपाचे आणि शाल-श्रीफळांचे बिल शेजारी ठेवून बेरीज करावी.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. त्याआधी, याच आठवड्यात, कपाट उघडून पेटीचा भाता भरा, पांढरी ६ दाबा आणि सेकंद मोजा. आकडा किती आला ते इतिवृत्तात लिहा.

आपले,
ज्येष्ठांना संगीत शिकवणारे, कानांचे आणि स्मृतीचे काम करणारे आम्ही काही जण